प्रगत हार्ट फेल्युअरच्या उपचारांचे सिम्युलेशन: कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे चुकते

हा लेख हार्ट फेल्युअरच्या पथकात काम करणारे निवासी डॉक्टर, पर्फ्युजनिस्ट आणि बायोमेडिकल इंजिनिअर यांच्यासाठी आहे. एल-व्हॅड (डाव्या जवनिकेला मदत करणारा, शरीरात बसवायचा पंप) बसवावा की नाही, एक्मोवर (शरीराबाहेरच्या पंप-ऑक्सिजनेटरच्या आधारावर) डाव्या जवनिकेला व्हेंट (तिच्यात साचणारे रक्त व दाब कमी करणारी वाट) लागेल का, उजवी बाजू तग धरेल का, अशा प्रश्नांसाठी आता अनेक ठिकाणी रुग्णाच्या रक्ताभिसरणाचे संगणकीय प्रतिरूप तयार केले जाते. हार्वी किंवा सर्कअ‍ॅडॅप्ट यांसारखी साधने हाताशी असल्यामुळे अर्ध्या तासात पडद्यावर प्रेशर-व्हॉल्यूम लूप (एका ठोक्यात जवनिकेचा दाब आणि आकारमान कसे बदलते ते दाखवणारे वळण) उमटतो. घोटाळा होतो तो क्रमाचा. बहुतेक जण यादीतून पंप आधी निवडतात, रुग्णाचे आकडे त्यानंतर भरतात आणि आकडे एकमेकांशी जुळतात का हे तपासतच नाहीत. त्यातून निघालेला आलेख देखणा असतो, पण त्याचा रुग्णाशी संबंध उरलेला नसतो.

पुढील विवेचन संपूर्ण रक्ताभिसरणाच्या बंद-वर्तुळ, शून्य-मितीय प्रतिरूपाविषयी आहे. यात हृदयाचा प्रत्येक कप्पा काळानुसार बदलणाऱ्या ताठरपणाने दाखवतात आणि रक्तवाहिन्या रोध व लवचीकपणा यांच्या जोडण्यांनी. हृदयाच्या भिंतीचे त्रिमितीय प्रतिरूप हा वेगळा विषय आहे आणि खाटेपाशी निर्णय घेण्यासाठी त्याची क्वचितच गरज पडते.

उदाहरणासाठी सर्वत्र एकच काल्पनिक रुग्ण घेतला आहे. हृदयगती ९५, रक्तदाब ९२/६४, सरासरी ७३, उजव्या कर्णिकेचा दाब १४, फुप्फुस धमनीचा दाब ५२/२८, सरासरी ३६, वेज दाब (डाव्या कर्णिकेच्या दाबाचा कॅथेटरने घेतलेला अंदाज) २६ (सर्व दाब मि.मी. पाऱ्यात), कार्डियाक आउटपुट (हृदय दर मिनिटाला पुढे पाठवते ते रक्त) ३.२ लि./मिनिट, शरीराचे पृष्ठफळ १.६ चौ.मी.; इकोवर डाव्या जवनिकेचे डायस्टोलअखेरचे (पूर्ण भरल्यावरचे) आकारमान २४० मि.लि. आणि इजेक्शन फ्रॅक्शन (त्यातला दर ठोक्याला बाहेर पडणारा भाग) २० टक्के.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

संगणक सुरू करण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहावे: “या रुग्णाला एल-व्हॅड बसवल्यास उजव्या कर्णिकेचा दाब स्वीकारार्ह मर्यादेत राहील का?” किंवा “व्ही-ए (शिरेतून रक्त घेऊन धमनीत सोडणाऱ्या) एक्मोचा प्रवाह ४ लि./मिनिट ठेवल्यास वेज दाब किती वाढेल आणि महाधमनीची झडप उघडत राहील का?” “या रुग्णासाठी सर्वोत्तम उपचार कोणता?” हा सिम्युलेशनचा प्रश्नच नाही. त्याच्या उत्तरात रक्तस्राव, पक्षाघात, ड्राइव्हलाइनचा (पंपाच्या त्वचेतून बाहेर येणाऱ्या तारेचा) संसर्ग, मूत्रपिंडांची स्थिती, खर्च आणि घरी पंपाची काळजी घेणारे माणूस हे सगळे येते, आणि यातले काहीही या समीकरणांत नसते.

प्रश्नाखालीच कोणते आकडे पाहणार आणि त्यांची कोणती मर्यादा ओलांडली गेली तर निर्णय बदलणार, हेही नोंदवावे. उत्तर पाहिल्यानंतर मर्यादा ठरवली की ती आपल्या मूळ मताच्या बाजूला सरकते.

टप्पा २: मोजमापे एकाच बैठकीत घ्या

संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याला द्यावा. सोमवारचा इको, गुरुवारचे कॅथेटरायझेशन आणि मधल्या काळात सुरू झालेले मिल्रिनोन (हृदयाची आकुंचनशक्ती वाढवणारे औषध) अशी जुळवाजुळव केली, तर प्रतिरूप अस्तित्वातच नसलेल्या रुग्णाचे होते. आदर्श म्हणजे उजव्या बाजूचे कॅथेटरायझेशन आणि इको यांत काही तासांचेच अंतर असावे, आणि दोन्ही वेळची हृदयगती, चालू औषधांचे डोस आणि व्हेंटिलेटरची स्थिती शेजारी-शेजारी लिहिलेली असावी.

ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवर, म्हणजे चौथ्या बरगडी-अंतरात छातीच्या मध्यजाडीवर ठेवून झीरो करावा. तो दहा सेंटिमीटर खाली राहिला, तर प्रत्येक दाब सुमारे ७.४ मि.मी.ने जास्त दिसतो. आपल्या रुग्णाचा उजव्या कर्णिकेचा १४ हा दाब तेव्हा २१ वाचला जाईल आणि उजवी जवनिका निकामी असल्याचा निष्कर्ष केवळ स्टँडच्या उंचीमुळे निघेल.

दाब श्वास सोडण्याच्या अखेरीस वाचावेत. मॉनिटरने आपोआप दिलेली सरासरी तशीच उतरवून घेऊ नये. मायट्रल गळती असलेल्या रुग्णात वेज लहरीतली व्ही लहर (जवनिकेच्या आकुंचनावेळी येणारी) उंच असते आणि तिच्यामुळे सरासरी वेज दाब डाव्या जवनिकेच्या डायस्टोलअखेरच्या दाबापेक्षा जास्त येतो. अशा वेळी प्रतिरूपाच्या जवनिकेसाठी ए लहरीची (कर्णिकेच्या आकुंचनावेळी येणाऱ्या लहरीची) सरासरी वापरावी आणि व्ही लहरीसह आलेली सरासरी फुप्फुसांवरील भार म्हणून वेगळी नोंदवावी. दोन्हींना एकच आकडा समजणे ही नेहमीची चूक आहे. (आपल्या काल्पनिक रुग्णात दोन्ही आकडे २६ च्या जवळ आहेत असे धरले आहे.)

कार्डियाक आउटपुट कसे मोजले हे आकड्यासोबत लिहिलेच पाहिजे. थर्मोडायल्यूशनचे (थंड द्रव सोडून तापमानातील बदलावरून प्रवाह मोजण्याच्या पद्धतीचे) किमान तीन नमुने एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असावेत. ट्रायकस्पिड झडपेची मोठी गळती असल्यास किंवा प्रवाह फारच कमी असल्यास ही पद्धत भरवशाची राहत नाही. फिक पद्धतीत (शरीर वापरते त्या ऑक्सिजनवरून प्रवाह काढण्याच्या) ऑक्सिजनचा वापर प्रत्यक्ष मोजण्याऐवजी दर चौरस मीटरला १२५ मि.लि./मिनिट असा गृहीत धरण्याची प्रथा आहे. आपल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन ११, धमनीतील सॅच्युरेशन ९६ टक्के आणि फुप्फुस धमनीतील ५४ टक्के असेल, तर २०० मि.लि. वापर गृहीत धरून आउटपुट ३.२ येते. प्रत्यक्ष वापर १५० मि.लि. असेल, तर तेच आउटपुट २.४ होते आणि फुप्फुसांचा रोध ३.१ वुड युनिटवरून (दाबातला फरक मि.मी.मध्ये भागिले प्रवाह लि./मिनिट) ४.२ वर जातो. प्रत्यारोपणाच्या चर्चेत ३ वुड युनिट ही महत्त्वाची सीमा असल्यामुळे, एका गृहीतकाने रुग्ण सीमेवरून थेट सीमेपलीकडे ढकलला जातो.

> सावधान: काही वॉर्डांत मध्यवर्ती शिरेचा दाब अजूनही पाण्याच्या स्तंभाने, सेंटिमीटरमध्ये मोजतात. १४ सें.मी. पाणी म्हणजे १०.३ मि.मी. पारा. समजा, आपल्या रुग्णाचा १४ हा आकडा पाण्याचाच असेल; एकक न पाहता १४ भरल्यास फुप्फुस धमनीचा स्पंदन-निर्देशांक, अर्थात पापी, (५२ − २८) ÷ १४ = १.७ येतो, योग्य आकड्याने तो २.३ आहे. एल-व्हॅडनंतर उजव्या बाजूच्या अपयशाचा अंदाज घेताना १.८५ ही सीमा अनेकदा वापरली जाते आणि हे दोन आकडे तिच्या दोन बाजूंना पडतात.

टप्पा ३: आकडे आधी एकमेकांसमोर उभे करा

प्रतिरूपात काहीही भरण्यापूर्वी साध्या कॅल्क्युलेटरवर पुढील हिशेब करावा. दहा मिनिटे लागतात आणि बरीचशी चुकीची प्रतिरूपे इथेच अडवता येतात.

कॅथेटरनुसार एका ठोक्याला पुढे जाणारे रक्त ३२०० ÷ ९५, म्हणजे सुमारे ३४ मि.लि. इकोनुसार जवनिकेतून बाहेर पडणारे रक्त २४० चे २० टक्के, म्हणजे ४८ मि.लि. हे १४ मि.लि. कुठे गेले? मायट्रल झडपेतून मागे गेले असतील, तर गळतीचे प्रमाण सुमारे ३० टक्के असायला हवे आणि इकोच्या अहवालात मध्यम गळती नोंदलेली असायला हवी. अहवाल “गळती नगण्य” म्हणत असेल, तर आकारमान, आउटपुट किंवा गळतीचे मूल्यमापन यांपैकी काहीतरी चुकले आहे. अशा वेळी प्रतिरूपाला मधला आकडा देऊन पुढे जाऊ नये; मोजमाप पुन्हा करावे.

यानंतर व्युत्पन्न आकडे काढावेत:

- शरीराचा रोध: (७३ − १४) ÷ ३.२ = १८.४ वुड युनिट. काही साधने हाच आकडा ८० ने गुणून, म्हणजे सुमारे १४७५, मागतात.
- फुप्फुसांचा रोध: (३६ − २६) ÷ ३.२ = ३.१ वुड युनिट.
- उजव्या कर्णिकेचा दाब भागिले वेज दाब: १४ ÷ २६ = ०.५४. ०.६३ च्या वरचे गुणोत्तर उजव्या बाजूच्या धोक्याचे मानले जाते.
- हृदयाची शक्ती: ७३ × ३.२ ÷ ४५१ = ०.५२ वॉट. ०.६ च्या खालचा आकडा गंभीर आहे.

या चार आकड्यांवरूनच चित्र बरेच स्पष्ट होते: डावी बाजू फार अशक्त आहे आणि उजवी बाजू काठावर आहे. सिम्युलेशनने नेमके या काठाविषयी काही सांगावे, एवढीच अपेक्षा ठेवावी.

> तपासणी: फुप्फुस धमनीचा डायस्टोलिक दाब वेज दाबापेक्षा कमी येत असेल, तर बहुधा वेज चुकीचा वाचलेला आहे. पुढे जाऊ नका.

टप्पा ४: प्रतिरूप रुग्णावर बसवा, एका वेळी एकच बटण

साधनात बहुतेक वेळा “हार्ट फेल्युअर” नावाचा तयार नमुना असतो. तो सुरुवातीसाठी चालतो, पण त्यातला प्रत्येक आकडा आपल्या रुग्णाच्या आकड्याने बदलला गेला की नाही याची यादी ठेवावी, कारण न बदललेले आकडे कोणाच्या लक्षात येत नाहीत. क्रम पुढीलप्रमाणे असावा.

१. गती आणि लय. हृदयगती ९५ भरा. रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन असेल तर कर्णिकांचे आकुंचन बंद करा.

२. रोध. टप्पा ३ मधले दोन्ही रोध थेट भरा. हे मोजलेल्या दाबांतून आणि प्रवाहातून आलेले आहेत, म्हणून पुढे आलेख जुळत नसला तरी यांना हात लावायचा नाही.

३. धमन्यांचा लवचीकपणा. पहिला अंदाज म्हणून ठोक्याचे आकारमान भागिले स्पंदन-दाब घ्या: ३४ ÷ २८, म्हणजे १.२ मि.लि. प्रति मि.मी.

४. डाव्या जवनिकेचा डायस्टोलिक वक्र. एकाच ठोक्यावरून हा वक्र काढण्यासाठी क्लॉट्झ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली पद्धत सोयीची आहे. शून्य दाबाचे आकारमान म्हणजे डायस्टोलअखेरचे आकारमान गुणिले (०.६ − ०.००६ × डायस्टोलअखेरचा दाब). आपल्या रुग्णात ते २४० × ०.४४४, अर्थात सुमारे १०७ मि.लि. येते. यापुढे बरेच जण फसतात. पद्धतीतला दुसरा बिंदू ३० मि.मी. दाबाचा आहे आणि प्रगत हार्ट फेल्युअरमध्ये रुग्णाचा स्वतःचा दाबच त्याच्या जवळ असतो. दोन बिंदू एकमेकांना चिकटले की वक्राचा घातांक डळमळू लागतो: दाब २६ धरल्यास तो सुमारे १०.७ येतो आणि २५ धरल्यास ८.७. म्हणजे एका मि.मी.ने वक्राचे रूपच पालटते. म्हणून दाब २२ च्या वर असेल तेव्हा १५ मि.मी.चा बिंदू वापरावा; त्याने दोन्ही वेळा घातांक ५.२ च्या आसपास स्थिर राहतो.

५. डाव्या जवनिकेची आकुंचनशक्ती. सिस्टोलअखेरचा (आकुंचन संपतानाचा) दाब वरच्या रक्तदाबाच्या ०.९ पट, म्हणजे ८३ धरा. सिस्टोलअखेरचे आकारमान १९२ मि.लि. आहे. सिस्टोलिक रेषा शून्य आकारमानापासून निघते असे मानल्यास ताठरपणा ८३ ÷ १९२, म्हणजे ०.४३ येतो. इथल्या सिस्टोलिक रेषेचा आरंभबिंदू आणि वरच्या डायस्टोलिक वक्राचे शून्य-दाब आकारमान ही दोन भिन्न राशी आहेत. दोन्हींसाठी तेच चिन्ह छापलेले असल्यामुळे १०७ हा आकडा सिस्टोलिक रेषेतही भरला जातो आणि आकुंचनशक्ती फसवी दुप्पट होते.

६. झडपा. टप्पा ३ मधली ३० टक्के मायट्रल गळती घाला. महाधमनीच्या झडपेची सौम्य गळतीसुद्धा सोडू नका. एल-व्हॅडच्या प्रयोगात तिचे महत्त्व वाढते.

७. उजवी जवनिका आणि स्ट्रेस्ड व्हॉल्यूम. स्ट्रेस्ड व्हॉल्यूम म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर ताण आणणारा रक्ताचा भाग. तो थेट मोजता येत नाही, म्हणून जुळवूनच घ्यावा लागतो. इथे निदानाचा एक सोपा नियम उपयोगी पडतो. उजव्या कर्णिकेचा आणि वेज असे दोन्ही दाब एकाच दिशेने चुकत असतील, तर स्ट्रेस्ड व्हॉल्यूम बदला. वेज बरोबर आणि उजव्या कर्णिकेचा दाब चूक असेल, तर उजव्या जवनिकेची शक्ती किंवा ताठरपणा बदला. सरासरी रक्तदाब बरोबर आणि प्रवाह चूक असेल, तर बटण फिरवण्याऐवजी रोधाचे एकक तपासा.

८. पेरिकार्डियम आणि मधला पडदा. दोन्ही जवनिकांना जोडणारे हे पर्याय अनेक साधनांत मुळात बंद असतात. ते सुरू करा.

> तपासणी: माझ्या मते भरण-दाब २ मि.मी.च्या आत, सरासरी रक्तदाब ५ मि.मी.च्या आत आणि प्रवाह ०.३ लि./मिनिटच्या आत जुळला की थांबावे. त्याहून बारीक जुळवणी मोजमापांच्या अचूकतेपलीकडची असते आणि ती साधण्याच्या नादात दोन-तीन बटणे अवास्तव ठिकाणी जाऊन बसतात.

टप्पा ५: ज्याचे उत्तर माहीत आहे, असा बदल आधी विचारा

हा टप्पा जवळजवळ सर्वत्र गाळला जातो, आणि त्याशिवाय पुढचे काहीही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्रतिरूप एका क्षणाच्या आकड्यांशी जुळले याचा अर्थ एवढाच, की आपण पुरेशी बटणे फिरवली. बटणांच्या वेगवेगळ्या मांडण्या तोच क्षण हुबेहूब दाखवू शकतात आणि पंप लावल्यावर परस्परविरुद्ध उत्तरे देऊ शकतात.

म्हणून रुग्णात प्रत्यक्ष घडलेला एखादा बदल निवडावा: कॅथलॅबमध्ये दिलेले रक्तवाहिनी-प्रसारक औषध, डोब्युटामिनचा वाढवलेला डोस किंवा लघवी वाढवणाऱ्या औषधांनंतरची दुसरी मोजणी. समजा, दोन दिवसांच्या उपचाराने उजव्या कर्णिकेचा दाब १४ वरून ९ वर आणि वेज २६ वरून १९ वर आला. प्रतिरूपातला स्ट्रेस्ड व्हॉल्यूम उजव्या कर्णिकेचा दाब ९ येईपर्यंत कमी करावा, बाकी कशालाही हात लावू नये आणि वेज आपोआप कुठे थांबतो ते पाहावे. तो १९ च्या जवळ आला तर प्रतिरूपावर काही भरवसा ठेवता येईल. तो २३ वर अडून राहिला, तर दोन बाजूंमधला समतोल किंवा डायस्टोलिक वक्र चुकला आहे. टप्पा ४ मधल्या चौथ्या आणि सातव्या पायरीकडे परत जावे. याच दोन दिवसांत इनोट्रोपचा (आकुंचनशक्ती वाढवणाऱ्या औषधाचा) डोसही बदलला असेल, तर ही चाचणी या कामासाठी निरुपयोगी आहे, दुसरी शोधावी.

दुसऱ्या मोजणीचे आकडे प्रतिरूप चालवणाऱ्याला आधी दाखवू नयेत. त्याने आपला अंदाज लिहून द्यावा आणि मगच खरे आकडे समोर ठेवावेत. आपल्याकडे हाताखालच्या माणसाला असा अंदाज लिहायला लावणे अवघडल्यासारखे वाटते, पण त्याला पर्याय नाही.

टप्पा ६: आता उपचार लावून पाहा

औषधे

मिल्रिनोन म्हणजे केवळ वाढलेली आकुंचनशक्ती नव्हे. त्याने शरीराचा आणि फुप्फुसांचा रोधही उतरतो. फक्त आकुंचनशक्ती वाढवली, तर प्रतिरूपात रक्तदाब वाढतो, आणि खाटेवर तो अनेकदा घसरतो. प्रत्येक औषधासाठी बदलणाऱ्या सर्व राशींची यादी आधी करावी.

व्ही-ए एक्मो

प्रवाह ०, १.५, ३ आणि ४.५ लि./मिनिट असा टप्प्याटप्प्याने वाढवावा. प्रत्येक टप्प्यावर वेज दाब, डाव्या जवनिकेचे आकारमान आणि महाधमनीची झडप उघडते की नाही, या तीन गोष्टी नोंदवाव्यात. एक्मो धमनीत रक्त ढकलत असल्यामुळे अशक्त जवनिकेपुढचा आफ्टरलोड (रक्त बाहेर ढकलताना होणारा विरोध) वाढतो. लूप उजवीकडे आणि वर सरकतो, अरुंद होतो. झडप उघडणे थांबले की जवनिकेत रक्त साचून गुठळी होण्याचा धोका असतो, आणि नेमक्या याच प्रवाहाजवळ व्हेंटचे पर्याय, म्हणजे महाधमनीतला बलून पंप, इम्पेला (कॅथेटरवरचा छोटा पंप) किंवा कर्णिकांमधले छिद्र, एकेक करून तपासायचे असतात.

इथली मुख्य चूक रोध स्थिर ठेवण्याची आहे. १८.४ वुड युनिट रोध कायम ठेवून एकूण प्रवाह ५ लि./मिनिटवर नेला आणि उजव्या कर्णिकेचा दाब १० धरला, तर सरासरी रक्तदाब सुमारे १०२ येतो. प्रत्यक्षात कोणीही अतिदक्षता डॉक्टर हा दाब तसाच ठेवणार नाही. व्हॅसोप्रेसर (रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वाढवणारी औषधे) कमी केले जातील आणि शरीराचे स्वतःचे नियंत्रणही रोध उतरवेल. म्हणून लक्ष्य-रक्तदाब, समजा ७०, आधी ठरवून प्रत्येक प्रवाहावर रोध त्यानुसार बदलावा. तसे न केल्यास व्हेंटची गरज अवास्तव मोठी दिसते.

इम्पेला

हा पंप डाव्या जवनिकेतून थेट रक्त ओढत असल्यामुळे लूप डावीकडे सरकतो आणि त्याचा चौकोनी आकार त्रिकोणी होऊ लागतो. उजवी जवनिका पुरेसे रक्त पुढे पाठवत नसेल, तर वेज झपाट्याने पडतो आणि प्रवाह वाढत नाही. ही सूचना प्रतिरूपात मिळाली, तर उजव्या बाजूच्या आधाराचा विचार आधीच करावा.

एल-व्हॅड

साधनाच्या यादीतून पंप निवडताना तो आज उपलब्ध आहे का ते पाहावे. एचव्हॅड या पंपाची विक्री जून २०२१ मध्ये थांबवण्यात आली, तरी जुन्या आवृत्त्यांत त्याचा वक्र अजून दिसू शकतो. प्रत्येक पंपाचा दाब-प्रवाह वक्र निराळा असल्यामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

हार्टमेट ३ या पंपासाठी गती दर मिनिटाला १०० फेऱ्यांच्या पायऱ्यांनी वाढवावी आणि प्रत्येक पायरीवर उजव्या कर्णिकेचा दाब, वेज, सरासरी रक्तदाब व महाधमनीच्या झडपेची हालचाल नोंदवावी. गती वाढताना वेज उतरणे अपेक्षितच आहे. लक्ष उजव्या कर्णिकेवर ठेवायचे. डावी बाजू रिकामी होऊ लागल्याने उजव्या जवनिकेचा आफ्टरलोड कमी होतो, पण तिच्याकडे येणारे रक्त वाढते आणि मधला पडदा डावीकडे ओढला गेल्याने तिची आकुंचनक्षमता घटते. या तीन परिणामांची बेरीज कोणत्या बाजूला झुकते, हाच आपल्या काठावरच्या रुग्णाचा प्रश्न आहे. वेज उतरत असताना उजव्या कर्णिकेचा दाब ज्या गतीपासून चढू लागतो, ती गती ठळकपणे नोंदवावी.

> तपासणी: गती मुद्दाम अवाजवी वाढवून पाहा. डावी जवनिका रिकामी होऊन पंपाने तिची भिंत ओढण्याची अवस्था आली नाही आणि उजवी बाजूही निवांत राहिली, तर मधल्या पडद्याचा परिणाम प्रतिरूपात नाही. अशा प्रतिरूपाचे “उजवी बाजू सांभाळेल” हे उत्तर ग्राह्य धरू नये.

महाधमनीच्या झडपेची गळती असल्यास पंपाने वर ढकललेले रक्त पुन्हा जवनिकेत येऊन फिरत राहते. पंपाचा प्रवाह मोठा दिसतो आणि शरीराला मिळणारा प्रवाह त्याहून कमी असतो. म्हणून दोन्ही आकडे वेगळे लिहावेत. कर्णिकांमध्ये छिद्र असेल तर तेही प्रतिरूपात घालावे, कारण डाव्या कर्णिकेचा दाब उतरल्यावर अशुद्ध रक्त डावीकडे जाऊ लागते.

प्रत्यारोपण

फुप्फुसांचा रोध उतरवता आल्यास नव्या हृदयाच्या उजव्या बाजूवर किती भार येईल, हे प्रतिरूप दाखवू शकते. तो रोध उतरेल का, हे ते सांगू शकत नाही. त्यासाठी कॅथलॅबमधली औषध-चाचणीच करावी लागते.

टप्पा ७: उत्तर किती डळमळते ते मोजा

एकच उत्तर कधीही पथकाच्या निर्णय-बैठकीत नेऊ नये. ज्या राशींबद्दल सर्वांत कमी खात्री आहे, त्या प्रत्येकी कमी-जास्त करून संपूर्ण प्रयोग पुन्हा चालवावा. आपल्या रुग्णात उजव्या जवनिकेची शक्ती दोन्ही बाजूंना २० टक्के, स्ट्रेस्ड व्हॉल्यूम १० टक्के आणि आउटपुट २.४ ते ३.२ हा संपूर्ण पट्टा तपासणे योग्य ठरेल. आउटपुट बदलताना दोन्ही रोध पुन्हा काढून भरायचे, हे मात्र विसरले जाते.

सर्व पर्यायांत निष्कर्ष तोच राहिला, तर तो मांडण्याजोगा आहे. उजव्या जवनिकेच्या शक्तीत २० टक्के घट होताच “चालेल” चे “चालणार नाही” होत असेल, तर तेच उत्तर आहे आणि ते तसेच सांगावे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की उजव्या बाजूचा तात्पुरता आधार शस्त्रक्रियेच्या दिवशी तयार ठेवायचा.

टप्पा ८: अहवाल आणि नोंदी

एका पानाचा अहवाल पुरतो. त्यात मूळ प्रश्न, मोजमापांची तारीख आणि वेळ, त्या वेळची औषधे, गृहीत धरलेले आकडे, टप्पा ५ मधला अंदाज आणि खरा आकडा, प्रत्येक पर्यायाचा पट्टा आणि प्रतिरूपात नसलेल्या गोष्टींची यादी असावी. लूपची चित्रे शेवटी जोडावीत. ती वर ठेवली की आकडे कोणी वाचत नाही.

अनेक सिम्युलेटर शिक्षणासाठी दिलेले असतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून निदान वा उपचारासाठीचे सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आले आहे, म्हणून आपल्या साधनाचा परवाना नेमका कशासाठी आहे हे संस्थेने तपासून घ्यावे आणि शैक्षणिक साधनाचा निष्कर्ष केस-पेपरवर उपचाराचा आधार म्हणून लिहू नये. ऑनलाइन साधनात रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक किंवा जन्मतारीख भरू नये. सिम्युलेशनला त्यांची गरज नसते.

टप्पा ९: प्रतिरूपाची मुदत

अहवालावर मुदत लिहावी. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नोंद झालेला रुग्ण हृदयासाठी दीर्घकाळ थांबू शकतो, आणि त्या काळात त्याचे रक्ताभिसरण तेच राहत नाही. पुढीलपैकी काहीही घडल्यास जुने प्रतिरूप बाजूला ठेवून टप्पा २ पासून पुन्हा सुरुवात करावी: इनोट्रोप सुरू होणे, बंद होणे किंवा त्याचा डोस लक्षणीय बदलणे, हृदयाची लय बदलणे, क्रिएटिनिन वाढून लघवी घटणे, व्हेंटिलेटर लागणे, रक्त चढवणे किंवा मोठा रक्तस्राव, आणि कोणताही यांत्रिक आधार सुरू होणे. यांपैकी काहीच घडले नाही तरी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी उजव्या कर्णिकेचा दाब, वेज आणि आउटपुट पुन्हा मोजावेत. ते टप्पा ४ मधल्या मर्यादांबाहेर गेले असतील, तर जुन्या अहवालावर “रद्द” असे लिहून तो फाइलमध्येच ठेवावा आणि नवा अहवाल येईपर्यंत बैठकीत त्याचा आधार घेऊ नये.